दस्तऐवज संकलन सॉफ्टवेअर

दस्तऐवज संकलन सॉफ्टवेअर म्हणजे ग्राहक, अशील किंवा अर्जदार यांच्याकडून आवश्यक कागदपत्रे मागवणे, स्वीकारणे, तपासणे व जतन करणे यांसाठी वापरली जाणारी संगणकीय प्रणाली होय. सनदी लेखापाल, वकील, बँका व विमा कंपन्या अशा प्रणालींचा उपयोग करतात.

पार्श्वभूमी

प्राप्तिकर विवरणपत्र भरण्यासाठी लेखापालास वेतनावरील करकपातीचे प्रमाणपत्र, बँकेचा खातेउतारा, गृहकर्जावरील व्याजाचा दाखला इत्यादी कागदपत्रे लागतात. ती ईमेल, व्हॉट्सॲप व प्रत्यक्ष भेट अशा निरनिराळ्या मार्गांनी आल्यास कोणती मिळाली आणि कोणती राहिली, याचा मेळ लागत नाही. शिवाय आधार व पॅन कार्डांच्या प्रती अनेकांच्या फोनमध्ये विखुरतात आणि काम संपल्यावरही तेथेच राहतात.

कार्यपद्धती

प्रथम मागणीसूची तयार केली जाते. तीत प्रत्येक कागदपत्राचे नाव, कालावधी आणि मुदत नमूद असते. मागणी जितकी नेमकी, तितक्या ग्राहकाच्या खेपा कमी होतात. उदाहरणार्थ, ‘बँकेचे कागद’ असे न लिहिता ‘१ एप्रिल ते ३१ मार्च या काळातील बचत खात्याचा उतारा’ असे लिहिणे उपयुक्त ठरते. ग्राहक त्याला मिळालेल्या सुरक्षित दुव्यावरून पीडीएफ किंवा छायाचित्र अपलोड करतो. अस्पष्ट अथवा अपूर्ण प्रत कारणासह परत पाठवता येते. स्मरणपत्रे केवळ बाकी कागदपत्रांपुरतीच जातात.

भारतातील व्यवस्था

१ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या डिजिलॉकर या केंद्र शासनाच्या सेवेत कागदपत्र देणारी संस्था, नागरिक आणि कागदपत्र मागणारी संस्था असे तीन घटक असतात. नागरिकाच्या संमतीने मूळ संस्थेकडील दस्तऐवज मागणाऱ्या संस्थेस मिळतो, त्यामुळे त्यात फेरफार होण्याची शक्यता कमी असते. २०१७ मधील नियमदुरुस्तीनुसार अशा दस्तऐवजांना मूळ कागदपत्रांच्या बरोबरीचे स्थान आहे. नागरिकाने स्वतः अपलोड केलेल्या प्रतींना मात्र हा दर्जा नाही.

आर्थिक माहितीसाठी भारतीय रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये ‘अकाउंट ॲग्रीगेटर’ या संस्थांबाबत निर्देश काढले. या संस्था खातेदाराच्या संमतीने माहिती एका संस्थेकडून दुसरीकडे पोहोचवतात. ती स्वतःजवळ साठवत नाहीत.

सुरक्षितता आणि मर्यादा

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये, ज्या हेतूसाठी माहिती घेतली तो पूर्ण झाल्यावर ती नष्ट करण्याची तरतूद आहे. अन्य कायद्यानुसार जतन आवश्यक असल्यास अपवाद असतो. आधारची प्रत देताना केवळ शेवटचे चार अंक दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ वापरता येते. बनावट दुव्यांद्वारे कागदपत्रे चोरली जाऊ शकतात, म्हणून दुवा उघडण्यापूर्वी पाठवणाऱ्याची खात्री करणे आवश्यक असते.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा ज्यांना तो हाताळता येत नाही, अशा व्यक्तींना मदतनीसावर अवलंबून राहावे लागते. गृहकर्जासारख्या व्यवहारांत मालमत्तेची मूळ कागदपत्रे प्रत्यक्षच जमा करण्याची पद्धत आहे.

हेही पहा

डिजिलॉकर
आधार
माहिती सुरक्षा