थकव्यावर उतारा चालण्याचा

केमोथेरपी संपवून जबलपूरहून सिहोऱ्याला परतलेल्या सत्तरीच्या माणसाला घरचे एकच सांगतात: आता पडून राहा. माया खरी, सल्ला चुकीचा. कॅन्सरनंतरचा थकवा नुसत्या झोपेने जात नाही. उलट अंथरुणात स्नायू झिजतात आणि मग न्हाणीघरापर्यंत जातानाही दम लागतो. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या ‘चॅलेंज’ चाचणीत, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेल्या 889 रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षे व्यायामाला लावले. आठ वर्षांनी त्यांच्यातले सुमारे 90 टक्के हयात होते. नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांपैकी 83. एवढा फरक एखाद्या गोळीने पाडला असता, तर तिची किंमत विचारायची सोय नसती!

ते रुग्ण मुळातच चालतेफिरते होते, त्यांना प्रशिक्षकही होते, ही शंका रास्त आहे. तो आकडा सिहोऱ्याला जसाच्या तसा लागू होणार नाही. पण व्यायामाने थकवा उतरतो हे इतर कॅन्सरांतही दिसले आहे, आणि सुरुवातीला दहा मिनिटांचे चालणेही पुरते. आजार हाडांत पसरला असेल, रक्त कमी असेल किंवा पावले बधिर असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे. उन्हाळ्यात मात्र पहाटेच निघावे. महाकोशलातले मे महिन्याचे ऊन धडधाकटांनाही झेपत नाही.