ठाणे खाडी: खोपटच्या शेजारची गुलाबी सफारी

आफ्रिकेतल्या सफारीच्या जाहिरातीत दोन चित्रं हमखास असतात. एक, मसाई मारातली नदी ओलांडणारे विल्डेबीस्टचे कळप आणि दुसरं, केनियातल्या नाकुरू किंवा बोगोरिया तळ्याचा गुलाबी काठ. पहिलं पाहायचं तर केनिया गाठायलाच हवा. दुसऱ्यासाठी मात्र ठाण्याच्या खोपटमधल्या माणसाला विमानात बसायची गरज नाही. रिक्षाने ठाणे स्टेशन आणि तिथून ट्रान्स हार्बरच्या लोकलने ऐरोली, एवढाच प्रवास. हिवाळ्यापासून मे अखेरपर्यंत ठाणे खाडीच्या चिखलावर फ्लेमिंगोंचे, म्हणजेच अग्निपंखांचे थवे उतरलेले असतात. त्यांतले बहुसंख्य नाकुरूला जगभर नाव मिळवून देणाऱ्या लहान फ्लेमिंगोच्याच जातीचे.

राज्य सरकारने ऑगस्ट 2015 मध्ये खाडीच्या या भागाला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा दिला. क्षेत्र सुमारे 1,690 हेक्टर, त्यातलं 896 हेक्टर कांदळवनाचं आणि उरलेलं पाण्याचं. मालवणनंतरचं महाराष्ट्रातलं हे दुसरं सागरी अभयारण्य. 2022 मध्ये ठाणे खाडी रामसर पाणथळींच्या यादीत आली. राज्यात त्याआधी हा मान नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांनाच मिळाला होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, म्हणजे बीएनएचएसच्या 2019 मधल्या गणनेत इथे एक लाखाहून जास्त फ्लेमिंगो आढळले.

एवढ्या दाट वस्तीच्या शहराला खेटून हे पक्षी का येतात? उत्तर चिखलात आहे. लहान फ्लेमिंगोचं मुख्य खाणं म्हणजे नीलहरित शेवाळ. मान खाली घालून, चोच उलटी करून तो पाणी गाळतो आणि शेवाळ पोटात घेतो. पिसांचा गुलाबी रंग त्या शेवाळातल्याच रंगद्रव्यांतून येतो. सांडपाण्यातून येणारी पोषकद्रव्यं खाडीतलं शेवाळ वाढवतात, असं अभ्यासक सांगतात. जे प्रदूषण माशांच्या आणि मासेमारांच्या मुळावर येतं, तेच इथे पाहुण्यांचं ताट भरतं. त्यामुळे खाडीचं आरोग्य नुसत्या पक्ष्यांच्या संख्येवरून ठरवता येत नाही.

ऐरोलीच्या सेक्टर 10 मध्ये वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. फ्लेमिंगो पाहायला होडी तिथून सुटते. आफ्रिकेत जीप निघते ती उजाडण्याच्या वेळेला. इथली वेळ समुद्र ठरवतो. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि थवे नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर विसाव्याला जातात. पूर्ण ओहोटीला होडीलाच पाणी पुरत नाही. पाणी चढताना किंवा उतरताना, चिखलाच्या कडा उघड्या असतात तेव्हाच खरी मेजवानी. नजर मात्र फक्त गुलाबी रंगावर खिळवून ठेवू नये. तिवरांच्या श्वसनमुळांमध्ये निवट्या उड्या मारत असतात, चित्रबलाक, बगळे आणि उत्तरेकडून आलेले चिखलपक्षी चरत असतात आणि कांदळवनात कोल्हेही वावरतात.

कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांनी तिपाई घरीच ठेवावी, कारण होडीच्या इंजिनाची थरथर तिच्यातून थेट कॅमेऱ्यात उतरते. लेन्स हातात धरून, शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास ठेवला की उडत्या पंखांतला लाल-काळा रंग स्पष्ट येतो. चोच पाहून जात ओळखता येते: लहान फ्लेमिंगोची गडद किरमिजी, मोठ्याची फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. उडता थवा टिपण्याच्या हौसेपायी होडी पुढे घ्यायला लावणं किंवा टाळ्या वाजवणं हा मात्र गुन्हाच मानावा. प्रत्येक अकारण भरारीत पक्ष्यांची खाण्याची वेळ आणि ताकद वाया जाते.

हे वैभव इथेच राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही. बीएनएचएसने 2022 मध्ये उपग्रह टॅग लावलेल्या सहा फ्लेमिंगोंच्या नोंदींमुळे ठाणे खाडी आणि गुजरातचा किनारा यांमधली त्यांची वाट दिसू लागली. पण या वाटेवरचा एकही मुक्काम गेला तर पक्षी पाठ फिरवतात. नाकुरूची पातळी वाढून पाण्याचा खारेपणा कमी झाला, तेव्हा तिथले थवे दुसऱ्या तळ्यांकडे निघून गेले. आपल्याकडे भरतीचं पाणी अडलं की नेरुळची तळी कोरडी पडतात. मे 2024 मध्ये घाटकोपरजवळ विमानाची धडक बसून एका रात्रीत तीसहून अधिक फ्लेमिंगो मेले, तेव्हाही पर्यावरण कार्यकर्त्यांनी विसाव्याच्या जागांवरच्या अतिक्रमणाकडे बोट दाखवलं.

अभयारण्याची सीमा कागदावर खाडीपुरती आहे. पक्ष्यांची गरज त्या सीमेबाहेरच्या पाणथळींचीही आहे. त्यांनाही तितकंच संरक्षण मिळायला हवं. खोपट, कळवा, डोंबिवली, कल्याण इथल्या वाचकांनी भरतीचं वेळापत्रक पाहून, आगाऊ नोंदणी करून या मोसमात मुलांना खाडीवर जरूर न्यावं. आपल्या शेजारी काय आहे हे ज्यांनी पाहिलं, तेच ते वाचवायला पुढे येतील.