नवोदयला पाठवायचे की नाही?

पाऊस पडतो, कपाशीची पहिली निंदणी होते, आणि आमच्या ओट्यावर दरसाल एकच प्रश्न येतो. पाचवीतल्या पोराचा हात धरून बाप येतो आणि म्हणतो, "गुरुजी, नवोदयचा फॉर्म भरा असं मास्तर म्हणतात. भरू का?" आम्ही शाळेतून निवृत्त झालो, पण हा प्रश्न काही निवृत्त झाला नाही.

फॉर्म भरायला पैसा लागत नाही. म्हणून पुष्कळ जण म्हणतात, "भरून तर टाकू, पुढचं पुढं पाहू." आम्हाला हे पटत नाही. पुढचे आधी पाहावे आणि मग फॉर्म भरावा. नंबर लागल्यावर घरात विचार सुरू होतो. तेव्हा पेढे वाटून झालेले असतात, गावात नाव झालेले असते. अशा वेळी "नको" म्हणणे फार कठीण जाते. मुलाला तर ते जमतच नाही.

आधी नवोदय म्हणजे काय ते पाहू.

पूर्वी चांगली शाळा शहरात असे आणि पैसेवाल्याची मुले तिथे जात. खेड्यातले हुशार पोर गुरांमागे नाही तर शेतात जाई. ही गोष्ट सरकारला दिसत नव्हती असे नाही. आपल्या राज्य सरकारने १९६० नंतरच्या दशकात खेड्यातल्या हुशार मुलांसाठी राहण्या-जेवण्याची सोय असलेली विद्यानिकेतने काढली. त्यांतले एक धुळ्याला आहे. पुढे १९८६ साली देशाचे नवे शैक्षणिक धोरण आले. प्रत्येक जिल्ह्यात एक जवाहर नवोदय विद्यालय काढायचे असे त्यात ठरले. पहिल्या दोन शाळा १९८५-८६ मध्येच उघडल्या होत्या. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. आज देशात अशा साडेसहाशेंहून जास्त शाळा आहेत. जळगाव जिल्ह्याची शाळा भुसावळ तालुक्यात साकेगावला आहे.

ही शाळा केंद्र सरकारची आहे. सहावी ते बारावी अशी सात वर्षे मूल तिथेच राहते. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके यांना पैसा पडत नाही. नववीपासून महिन्याला ६०० रुपये विकास निधी द्यावा लागतो. मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलांना तोही माफ आहे. सरकारी नोकरांना मात्र तो जास्त पडतो.

एका वर्षी सहावीत जास्तीत जास्त ८० मुले घेतात. त्यांतल्या निदान पाऊण जागा, म्हणजे ८० पैकी ६०, खेड्यातल्या मुलांच्या असतात. एक तृतीयांश जागा मुलींच्या असतात. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांच्या जागा राखीव असतात. धुळे जिल्ह्यातल्या मुलाने धुळ्याच्या जागांसाठी बसायचे, जळगावच्या मुलाने जळगावच्या. दुसऱ्या जिल्ह्यात मामाचे घर आहे म्हणून तिथून फॉर्म भरता येत नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. खेड्यातल्या जागेवर हक्क सांगायचा तर मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्णपणे खेड्यातल्या शाळेत काढलेली असावी लागतात. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने चौथीत पोराला जळगावच्या शाळेत घातले. पाचवीत पुन्हा गावात आणले. त्याला वाटले, आपण खेड्यातलेच. पण नियमाने ते पोर शहरातले ठरले. गावाच्या शाळेला नाक मुरडण्याआधी एवढे तरी माहीत असावे.

परीक्षा एकदाच देता येते. दोन तासांत ८० प्रश्न, १०० गुण. त्यांतले निम्मे गुण बुद्धीच्या प्रश्नांना असतात. चार आकृत्या दाखवतात आणि वेगळी कोणती ते ओळखायला सांगतात, अशा तऱ्हेचे. उरलेल्यात गणित आणि भाषा. पेपर मराठीत देता येतो. आपली मुले घरी अहिराणी बोलतात, कोणी तावडी, कोणी पावरी बोलतात. त्यांना पुस्तकातली मराठी रोज थोडी मोठ्याने वाचायला लावावी. एवढ्यानेही पुष्कळ काम होते. शिकवणीवर हजारो रुपये घालवावेत असे आम्हाला कधीच वाटले नाही.

शाळा काय देते ते झाले. आता ती काय मागते ते पाहा. पेढे वाटताना हे कोणी बोलत नाही.

दहा-अकरा वर्षांचे मूल घर सोडते. सुट्टी लागली तर घरी येते. एरवी आईबापांनी ठरलेल्या दिवशी भेटायला जायचे. चाळीसगावकडच्या माणसाला साकेगाव जवळ नाही. रेल्वेने चाळीसगाव ते भुसावळच शंभर किलोमीटरच्या वर आहे. वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून जाणे किती जड जाते, ते ज्याचे त्याला कळते. पहिल्या वर्षांत मराठीचा आधार असतो. पुढे गणित आणि विज्ञान इंग्रजीत आणि समाजशास्त्र हिंदीत शिकवतात. घरी अहिराणी, शाळेत मराठी, पुढे हिंदी आणि इंग्रजी. हुशार मूल हे पेलते, पण पहिले सहा महिने घाबरते. गावात पहिला नंबर असलेले पोर तिथे तिसावे येते, कारण तिथे सगळेच आपापल्या गावातले पहिले असतात. हे मुलाला आधी सांगून ठेवावे.

आणखी एक आहे. नववीतल्या शंभरातल्या तीस मुलांना एक वर्ष दुसऱ्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात. आपली मुले हिंदी मुलखात जातात, तिकडची आपल्याकडे येतात. देश एक आहे हे मुलांना पुस्तकातून नव्हे, एका ताटात जेवून कळावे, असा त्यातला हेतू आहे. आम्हाला ही रीत आवडते. पण ज्या आईला हे नववीत अचानक कळते, तिचे काय होते तेही आम्ही पाहिले आहे.

आता आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो.

आम्ही मुख्याध्यापक होतो त्या काळची गोष्ट. आमच्या शाळेतल्या एका मुलाचे गणित असे पक्के, की आम्ही फळ्यावर मांडणी करीपर्यंत तो उत्तर सांगून मोकळा होई. एका निवासी शाळेसाठी त्याची निवड झाली. त्या शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही, दोष तिचा नव्हता. मुलगा म्हणाला, "गुरुजी, मी नाही जात." आम्ही हसलो. त्याच्या बापाला म्हटले, "पोर आहे, दोन दिवसांत रमेल." खरे सांगायचे तर आमच्या मनात आमचेच नाव होते. वर्तमानपत्रात फोटो आला होता. त्यात पोर कडेला आणि आम्ही मध्ये.

दिवाळीला तो आला तो परत गेलाच नाही. आमच्याच शाळेत मागच्या ओळीत येऊन बसला. गावातली मुले त्याला "पळून आलेला" म्हणू लागली. दोन वर्षे त्याने गणिताच्या पुस्तकाला हात लावला नाही. दहावीनंतर शाळा सुटली. आता त्याचे तालुक्याला पंप दुरुस्तीचे दुकान आहे, धंदा बरा चालतो. वाटेत भेटला की रामराम करतो. मान आम्हीच खाली घालतो.

तेव्हापासून आम्ही आधी मुलालाच विचारतो. आईबापांसमोर नाही, एकट्याला. तो मामाच्या गावी आठ दिवस राहतो का? अंथरूण आपले आपण घालतो का? ताप आला तर कोणाला सांगेल? मार्कांचे विचारतच नाही. ते परीक्षा पाहून घेते.

पाठवायचे ठरले तर तिथे मुलाकडे पाहणारे कोण आहे, ते विचारून घ्यावे. नवोदयमध्ये शिक्षक आवारातच राहतात. मुलांचे गट पाडलेले असतात. त्यांना अरावली, निलगिरी अशी डोंगरांची नावे असतात, आणि प्रत्येक गटावर एक शिक्षक देखरेखीला असतो. त्या माणसाला भेटून यावे. वसतिगृह म्हणजे भिंती आणि खाटा नव्हेत, हे आपल्या खानदेशाला नवे नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते. तिथल्या छात्रालयाचे कामही त्यांच्याकडे होते. ते मुलांच्या खोल्या स्वतः झाडत, त्यांचे कपडे घड्या घालून ठेवत. असा माणूस सगळीकडे मिळेल असे आम्ही म्हणत नाही. पण विचारायला आपले काय जाते?

ज्यांचा नंबर लागत नाही, किंवा लागूनही जे जात नाहीत, त्यांचे काय? त्यांचे काही बुडत नाही. नवोदयमध्ये नववीला आणि अकरावीला रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी पुन्हा परीक्षा होते. तेव्हा मूल मोठे झालेले असते. आठवीत केंद्र सरकारची आर्थिक दुर्बल घटकांची शिष्यवृत्ती परीक्षा असते. आईबापांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे आणि मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत हवे. ती मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. नवोदयच्या मुलांना ही शिष्यवृत्ती नसते, कारण त्यांचा खर्च सरकार आधीच करते.

मुख्याध्यापक म्हणून आमच्या मनात एक सल नेहमी राहिला आहे. वर्गातले एक चांगले पोर गेले की वर्ग थोडा विझतो. बाकीची मुले त्याच्याकडे पाहून शिकत असतात. पण वर्ग उजळावा म्हणून त्या पोराला अडवून ठेवायचे, हा हक्क आम्हाला कोणी दिला? ज्याला जायचे आहे त्याने जावे, असेच आम्ही शेवटी म्हणत आलो.

चार वर्षांमागे असाच एक बाप आला. मुलीचा नंबर साकेगावला लागला होता. तो खुशीत होता. बायको मागे दाराशी उभी होती, ती पुढे येईना. आम्ही विचारले, "बाई, तुमचं काय म्हणणं?" ती एकदम बोलली, "गुरुजी, मनी पोर अजून रातले उठीसन माले हाका मारस. तठे ती कोनले हाक मारी?" थोडे थांबून हळूच म्हणाली, मुलगी उद्या वयात येईल, तेव्हा तिला कोण सांगेल?

नवरा म्हणाला, "हिला काय कळतं!" आम्ही त्याला गप्प केले. त्या घरात कामाचा प्रश्न तिनेच विचारला होता.

मग आम्ही त्या तिघांना घेऊन एस्टीने साकेगावला गेलो. बापाने इमारत पाहिली, मैदान पाहिले. आईने एका शिक्षिकेला गाठले आणि अर्धा तास सोडले नाही. मुलींचे वसतिगृह वेगळे आहे का, रात्री जवळ बाई माणूस कोण असते, दुखले-खुपले तर कोण पाहते, पाणी कुठून येते, सगळे विचारले. शिक्षिकेने न कंटाळता सगळे सांगितले. मुलगी इतका वेळ गप्प होती. परतीच्या वाटेवर भुसावळच्या स्टँडवर केळी खाता खाता तिने विचारले, "आई, माझी गोधडी नेता येईल ना?"

आईने उत्तर दिले नाही. पण घरी गेल्यावर तिने आपली दोन जुनी लुगडी काढली आणि नवी गोधडी शिवायला घेतली.

मुलगी गेली. पहिले दोन महिने फोनवर रडली. आईही रडली, पण "ये" म्हणाली नाही, आणि "येऊ नको" असेही म्हणाली नाही. "दिवाळीला घरी आलीस की बोलू" एवढेच म्हणे. दिवाळीला मुलगी आली. सुट्टी संपण्याच्या दोन दिवस आधी तिने आपली पेटी आपणच भरली. आता ती नववीत आहे आणि यंदा वर्षभरासाठी हिंदी मुलखात गेली आहे.

तिचा धाकटा भाऊ यंदा पाचवीत आहे. डोक्याने बहिणीपेक्षा काकणभर सरसच. मागच्या महिन्यात बाप पुन्हा आमच्या ओट्यावर आला, या वेळी पोराला घेऊन. आम्ही पोराला एकट्याला बसवून विचारले. तो म्हणाला, आजीला डोळ्यांनी दिसत नाही, तिला रात्री बाहेर मी नेतो, मी नाही जाणार. बापाने फॉर्म भरला नाही. आठवीच्या शिष्यवृत्तीची माहिती मात्र वहीत लिहून घेऊन गेला.