अर्धे तिकीट, अर्धी गोळी

दिवाळी आटोपली आणि हवेत गारवा आला की छावणीतल्या माझ्या दवाखान्यात प्रवासाला निघालेल्या ज्येष्ठांची ये-जा सुरू होते. कुणाला मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेच्या अर्जासाठी प्रकृतीचे प्रमाणपत्र हवे असते, कुणाला पुण्याच्या लेकीकडे महिनाभर पुरतील अशी औषधे लिहून हवी असतात. असेच एक निवृत्त गुरुजी पत्नीसह आले. वय शहात्तर. माघी वारीला एस.टी.ने पंढरपूरला जायचे ठरले होते. त्यांना स्वतःला काहीच सांगायचे नव्हते. "जाण्याआधी एकदा दाखवून घ्या" हा हट्ट बाईंचा.

रक्तदाब मोजला. 196/104. औषध चालू आहे का, असे विचारले तर गुरुजी म्हणाले, "चालू आहे." बाईंनी काही न बोलता पिशवीतून एक छोटी स्टीलची डबी काढून टेबलावर ठेवली. आत चाकूने दोन भाग केलेल्या गोळ्या होत्या. मधुमेहाची गोळी अर्धी, रक्तदाबाची एक दिवसाआड, कोलेस्टेरॉलची तर बंदच. सात महिन्यांपासून हा क्रम चालू होता. दरमहा औषधांवर साडेचौदाशे रुपये जात. त्यांतले निम्मे वाचवून गुरुजींनी वारीसाठी पाच हजारांच्या वर रक्कम बाजूला टाकली होती. पैसे मुलाकडे मागायचे नाहीत, हा त्यांचा बाणा. आणखी खोदून विचारले तेव्हा कळले की आठवड्यापूर्वी चहाचा कप उचलताना उजवा हात दहा मिनिटे लुळा पडला होता. आपोआप बरा झाला म्हणून त्यांनी घरातही वाच्यता केली नव्हती.

अशी दहा मिनिटे म्हणजे पक्षाघाताने दारावर दिलेली थाप असते. हात, पाय किंवा चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडणे, बोबडी वळणे, एका डोळ्यापुढे अंधारी येणे हे क्षणभर होऊन गेले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते, कारण खरा झटका येण्याचा धोका पुढच्या काही दिवसांतच सर्वांत अधिक असतो. गुरुजींना मी तडक पुढे पाठवले. त्या आठवड्यात तपासण्यांवर जो खर्च झाला, तो सात महिन्यांच्या बचतीहून कितीतरी अधिक होता.

या प्रकरणात दोष एकट्या गुरुजींचा नव्हता. ती साडेचौदाशे रुपयांची चिठ्ठी माझ्या हातची होती. वर्षानुवर्षे सवयीने मी ठरावीक कंपन्यांची नावे लिहीत आलो आणि "हे तुम्हाला परवडते का?" हा प्रश्न त्यांना एकदाही विचारला नाही. निवृत्त माणूस डॉक्टरसमोर पैशाची अडचण स्वतःहून बोलत नाही. तो गोळी अर्धी करतो. तेव्हापासून मी प्रत्येक ज्येष्ठ रुग्णाला हा प्रश्न विचारतो, आणि वाचकांनीही आपल्या डॉक्टरांना निःसंकोच म्हणावे, "याच औषधाचे स्वस्त रूप लिहून द्या." त्यात कमीपणा वाटण्याजोगे काही नाही.

स्वस्त रूप म्हणजे जेनेरिक औषध. गोळीत जे मूळ द्रव्य असते, त्याच्याच नावाने ती विकली जाते. 2008 पासून चालू असलेल्या जनऔषधी केंद्रांतून रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांची नेहमीची औषधे नामांकित कंपन्यांच्या तुलनेत निम्म्या किंवा त्याहून बऱ्याच कमी दरात मिळतात. गुरुजींची महिन्याची औषधे आता साडेतीनशेच्या आत बसतात. मात्र चिठ्ठी आणि पाकीट समोरासमोर धरून द्रव्याचे नाव, मिलिग्रॅमचा आकडा आणि मुदतीची तारीख जुळवून पाहावी. गोळीचा रंग व आकार बदलतो, त्यामुळे जुनी आणि नवी अशा दोन्ही गोळ्या घेण्याची चूक अनेकांकडून होते. जुनी पाकिटे आधी घराबाहेर काढावीत. बदल केल्यावर दोन आठवड्यांनी रक्तदाब व साखर तपासावी. फिट्स, थायरॉइड आणि रक्त पातळ करण्याच्या काही औषधांत मात्र कंपनी वारंवार बदलू नये. तेथे मात्रेतला बारीक फरकही जाणवतो, म्हणून डॉक्टरांना विचारूनच काय ते करावे.

गोळी तोडण्याविषयीही थोडे सांगतो. मध्ये रेघ असलेली साधी गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून तोडता येते. नावापुढे एस.आर., एक्स.एल., ई.आर. अशी अक्षरे असतील तर ती बहुधा दिवसभर सावकाश सुटण्यासाठी बनवलेली असते. ती मनाने तोडली, चावली किंवा कुटली तर दिवसभराची मात्रा एकदम अंगात उतरण्याची भीती असते. आणि रक्तदाबाची काही औषधे अचानक थांबवली की दाब पूर्वीपेक्षाही उसळून वर येतो.

आता प्रवासाकडे वळू. येथे बचतीला पुष्कळ वाव आहे आणि ती हक्काची आहे. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्यात एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट लागते. मार्च 2023 पासून सर्व वयाच्या महिलांनाही अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली, त्यामुळे आजीसोबत जाणाऱ्या सुनेचाही खर्च निम्म्यावर येतो. वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड जवळ असावे. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे. हैदराबाद किंवा इंदूरकडे जाताना हे लक्षात ठेवावे. रेल्वेचे मात्र उलटे झाले. पुरुषांना 60 पासून 40 टक्के आणि महिलांना 58 पासून 50 टक्के मिळणारी तिकीट सवलत मार्च 2020 मध्ये थांबवण्यात आली. माझ्या मते हा ज्येष्ठांवर अन्याय आहे. पण आज तरी तिकीट पूर्ण दराचे धरूनच चालावे. शिल्लक असल्यास खालचा बर्थ मिळण्याची सोय 60 वरील पुरुषांना व 45 वरील महिलांना आहे. आरक्षण लवकर केले तर तो मिळण्याची शक्यता वाढते.

एवढी बचत पदरात असताना लोक कुठे काटकसर करतात? पाण्यात. बाटलीचे वीस रुपये आणि बसस्थानकावरच्या स्वच्छतागृहाची अडचण, या दोन कारणांनी आमच्या मातामाउली सकाळपासून घोटभरही पाणी पीत नाहीत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. अशात सहा तास कोरडे राहिले की उतरताना उभे राहताक्षणी रक्तदाब घसरतो, भोवळ येते, पाय घसरतो. लघवीचा संसर्ग आणि वृद्धांमध्ये होणारा अचानक बुद्धिभ्रम यांचेही मूळ पुष्कळदा येथेच सापडते. घरचे पाणी दोन बाटल्यांत भरून घ्यावे आणि थोडे थोडे पीत राहावे. ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याची मर्यादा सांगितलेली आहे, त्यांनी ती पाळावी. लघवी वाढवणारी गोळी प्रवासाच्या दिवशी परस्पर गाळू नये. तिची वेळ पुढे-मागे करता येते का, हे आधी विचारून घ्यावे.

दुसरी काटकसर रात्रीच्या प्रवासाची. मुक्कामाचे भाडे वाचते म्हणून ऐंशीच्या गृहस्थांना रात्रभर बसून नेण्यात येते. सलग चार तासांहून अधिक बसून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. बसल्या जागी तासातासाला घोटे वर-खाली फिरवावेत, गाडी थांबेल तेथे सोबत्याच्या हाताला धरून चार पावले टाकावीत. एका पायाला सूज येऊन पोटरी दुखू लागली तर तेल चोळत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. शक्य असेल तेथे दिवसाची गाडी निवडावी. मुंबईला जायचे तर तपोवन एक्स्प्रेस दिवसा जाते.

शिदोरीच्या बाबतीत आमचा मराठवाडा श्रीमंत आहे. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी हे ढाब्यावरच्या जेवणापेक्षा स्वस्त आणि पोटाला निर्धोक. चटणी-लोणच्यातले मीठ मात्र रक्तदाबाच्या माणसाने बेतानेच घ्यावे. जुलाब झाले तर क्षारसंजीवनीचे पाकीट उत्तम. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे प्रमाण मोजूनच घ्यावे.

औषधे मुक्कामापेक्षा चार दिवसांची जास्त घ्यावीत आणि दोन पिशव्यांत विभागून ठेवावीत, म्हणजे एक पिशवी हरवली तरी अनोळखी गावात धावपळ होत नाही. इन्सुलिन बसच्या डिकीत ठेवू नये. गावी फ्रिज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ते ठेवता येते. आजारांची व औषधांची यादी, एका नातेवाइकाचा क्रमांक आणि कार्डे एकाच पाकिटात असावीत. यांत आयुष्मान वय वंदना कार्डही हवे. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, योजनेतील रुग्णालयांत दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, आणि ते परराज्यातल्या संलग्न रुग्णालयांतही चालते. छावणीत माजी सैनिकांची घरे पुष्कळ आहेत. ईसीएचएसचा लाभ घेणाऱ्यांना दोहोंपैकी एकच योजना निवडावी लागते, तेव्हा घाईने अर्ज करू नये. बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधे वय वंदना कार्डात येत नाहीत. त्यासाठी चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय, ज्याला सगळे मिनी घाटी म्हणतात, हा चांगला मार्ग आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अशा रुग्णालयांत ऑगस्ट 2023 पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. रांग लांब असते, हे खरे. डबा घेऊन सकाळीच जावे.

घरातल्या बचतीतली एक गोष्ट मला फार खटकते. वीजबिल वाचवण्यासाठी रात्री न्हाणीघराच्या वाटेवरचा दिवा बंद ठेवतात. नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज दहा तास जळला तरी महिन्याला तीन युनिटही होत नाहीत. अंधारात पडून खुब्याचे हाड मोडले तर खासगी रुग्णालयात खर्च लाखाच्या पुढे जाऊ शकतो, आणि अंथरुणाला खिळलेले माणूस पुन्हा पूर्वीसारखे चालेलच याची शाश्वती नसते. तो दिवा चालू ठेवावा. झिजलेल्या तळव्याची चप्पलही तशीच. ती टाकून द्यावी. पापड-भजी तळलेले काळे तेल पुन्हा पुन्हा वापरण्यातही काही हशील नाही.

जेथे पैसा खरोखर वाचवता येतो, तेथे आपण सढळ हाताने उधळतो. "अशक्तपणा वाटतो, एक सलाईन लावा" ही मागणी माझ्याकडे दर आठवड्याला येते. पाचशे मिलिलिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. ग्लुकोजच्या पाच टक्क्यांच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे साखर. जेवणारे-पिणारे माणूस हे शिरेतून का घेते, मला समजत नाही. कमजोर हृदयाच्या रुग्णाला ते मीठ बाधू शकते. अशक्तपणाचे कारण शोधणे स्वस्त पडते. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-12 जीवनसत्त्व कमी झालेले आढळते, कुणाचे हिमोग्लोबिन उतरलेले असते, कुणाला नुसती झोप नसते. सवलतीच्या जाहिराती पाहून साठ-सत्तर तपासण्यांची पॅकेजे करून घेणारेही बरेच भेटतात. त्यांतल्या बहुतेक आकड्यांचा उपचारात उपयोग होत नाही, आणि एखादा आकडा रेषेबाहेर गेला की पुढच्या तपासण्यांची माळ लागते. जुने अहवाल एका फायलीत तारखेनुसार लावून ठेवले तर निम्म्या तपासण्या पुन्हा कराव्याच लागत नाहीत. आणि डॉक्टरांची फी वाचवण्यासाठी गुडघेदुखीची गोळी थेट दुकानातून घेऊन महिनोन्‌महिने खाऊ नये. मूत्रपिंडे निकामी झालेली मी त्यात पाहिली आहेत.

गुरुजींची माघी वारी त्या वर्षी हुकली. चैत्रात रक्तदाब 134/80 वर स्थिरावला, तेव्हा मी त्यांना जायला हरकत नाही म्हणून सांगितले. दोघे सकाळच्या गाडीने गेले, दोन रात्री मुक्काम केला आणि परत आल्यावर चुरमुऱ्यांचा प्रसाद घेऊन दवाखान्यात आले. गुरुजींनी हिशेबाची वही सोबत आणली होती. प्रवासखर्चाच्या रकान्यात स्वतःपुढे शून्य आणि बाईंपुढे अर्धे तिकीट. त्याखाली मुक्काम, चहा, आणि दोन रुपयांची फुले. मी डबीची चौकशी केली. बाई म्हणाल्या, आता तिच्यात बुक्का ठेवला आहे.