रीलमधली बीएमडब्ल्यू आणि तुमचा ईएमआय

स्क्रोल करता करता थांबला असाल ना तुम्हीही? काळी सेडान, एक्झॉस्टचा फटाफट आवाज आणि खाली लिहिलेलं, ‘क्रेटाच्या किमतीत बीएमडब्ल्यू, डीएम करा’. कँटीनमध्ये ते रील फिरतं, कुणीतरी म्हणतं, ‘प्लेसमेंट झाली की पहिली हीच!’ स्वप्न बघायला पैसे लागत नाहीत, मान्य. पण एकदा हिशेब तर करून बघू.

नवी गाडी घ्यायची म्हटलं, तर बीएमडब्ल्यू एम३४०आय बघा. २०२१ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम ६२.९० लाख रुपये. तीन लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, ० ते १०० फक्त ४.४ सेकंदांत. आता महाराष्ट्रात २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के कर. म्हणजे त्या किमतीवर नुसते आरटीओचेच आठ लाखांच्या वर. एवढ्यात एक छोटी हॅचबॅक दारात उभी राहते, राव! आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेच्या सपाट भागात मर्यादा किती? ताशी १००. म्हणजे ४.४ सेकंदांत मजा संपली, पुढचं काम कॅमेऱ्यांचं.

म्हणून मग सगळे वळतात सेकंडहँडकडे. त्यात आपल्या वयाच्या मुलांची लाडकी म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. दिसायला काकांची गाडी, पळायला भलतीच. २०१७ मध्ये आरएस २३० साधारण साडेचोवीस लाखांना आली, २०२० मध्ये आरएस २४५ च्या फक्त २०० गाड्या आल्या, ३५.९९ लाखांना. गाड्या मोजक्या आणि चाहते भरपूर, त्यामुळे किंमत लवकर खाली येत नाही.

समजा, तुम्ही अशा एखाद्या गाडीसाठी २० लाखांचं कर्ज काढलं. १२ टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता बसतो महिन्याला ४४ हजार ४८९ रुपये. नुसतं व्याजच पावणेसात लाखांच्या जवळ. शहरात लिटरला आठ किलोमीटर मिळाले आणि महिन्याला हजार किलोमीटर फिरलात, तर पेट्रोलचे साडेबारा हजार वेगळे. फ्रेशरचा पगार आठवा आणि हेही आठवा की कर्जाच्या कागदावर सही बहुतेक बाबांचीही असणार.

आता खरी गंमत. ‘दिल्लीची गाडी आहे, स्वस्तात मिळतेय’ असं डीलर म्हणाला की कान टवकारा. बाहेरच्या राज्याचा नंबर असलेली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे वापरायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि इथला करही भरावा लागतो. पुदुच्चेरीचा ‘पीवाय’ नंबरही याच भानगडीतला, तिथे कर कमी म्हणून घेतलेली गाडी. स्वस्त दिसणारे ते दोन लाख इथेच परत जातात. गाडीवर आधीचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. ‘नंतर करून देतो’ म्हणणाऱ्याला टोकन देऊ नका. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला लागतो.

दुसरी गोष्ट रीमॅप. इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायची, आरएसवाल्यांचा हा आवडता खेळ. विकताना अनेक जण मूळ सॉफ्टवेअर परत टाकतात, पण गिअरबॉक्स आणि टर्बोने खाल्लेला मार परत जात नाही. विमा कंपनीला न सांगता केलेला असा बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. म्हणून गाडी थेट अधिकृत वर्कशॉपमध्ये न्या, पैसे भरून तपासून घ्या, सगळी सर्व्हिस हिस्ट्री मागा. डीएसजी गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, हे नक्की विचारा. उत्तर देताना विक्रेता अडखळला, तर तुम्ही चहा पिऊन निघा. आणि ट्रायलला जाताना आधी फोन करून सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ थंड इंजिनचा खडखडाट, धूर, पहिल्या गिअरचा धक्का, सगळं तेव्हाच कळतं.

वॅगन हवी असेल तर आपल्याकडे शोधणंच कठीण. ऑडीने आरएस ६ अवांत २०१५ मध्ये १.३५ कोटींना आणली होती. डिकीत आख्खा ढोल-ताशा पथकाचा सरंजाम मावेल, पण ‘लांबडी गाडी’ म्हणून लोकांनी पाठ फिरवली. मला विचाराल तर या सगळ्यांत सुंदर तीच.

आणि पुण्यात राहून हा विषय लिहिताना १९ मे २०२४ ची कल्याणीनगरची पहाट टाळता येत नाही. तीही परफॉर्मन्स सेडानच होती, पोर्शे. नोंदणीचे १,७५८ रुपये भरायचे राहिले होते. चालवणारा १७ वर्षांचा होता. बाइकवरचे दोघेही आयटीतले तरुण होते, दोघेही गेले. त्यांचं वय आपल्यापेक्षा फार जास्त नव्हतं.