रफार पेलणारं अक्षर

‘मोर्शी’ हा शब्द ठळक अक्षरात काढायला तसा अवघड. पहिल्या अक्षरावर मात्रा, दुसऱ्याला दीर्घ वेलांटी आणि तिच्याच खांद्यावर रफार. पाटी रंगवणारा पेंटर शिरोरेषा बोटभर खाली ओढून ही गर्दी बसवून घेतो. फाँटला अशी ऐनवेळची सोय नाही. जागा आधीच आखून ठेवावी लागते.

‘रोझा वन’मध्ये ही आखणी पणाला लागते. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली काढलेला, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींचा हा फाँट. वजन एकच, तेही पैलवानी. जाड रेघ वखराच्या दांडीएवढी, तर बारीक रेघ केसाएवढी. रोमनमधला हा थाट लंडनचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जाहिरातींचे कागद भिंतीभिंतीवर भांडू लागले, तेव्हा पुस्तकी अक्षरांच्या उभ्या रेघा फुगवल्या गेल्या आणि आडव्या बारीकच राहिल्या. त्या घराण्याचं नाव ‘फॅट फेस’.

देवनागरीला मात्र जाड-बारीक शिकायला लंडनला जायची गरज नव्हती. ते बोरूनेच दिलं. फरक आहे तो कापाचा. बोरूचा तिरपा काप रोमन टाकाच्या उलट अंगाला. रोमन ‘ए’चा उजवा पाय जाड, डावा बारीक, आपल्याकडे डावीकडे उतरणारी तिरपी रेघ भरते. त्यामुळे रोमनचा साचा देवनागरीवर तसाच चढवला, की अक्षर मागून आणलेला कोट घातल्यासारखं दिसतं. त्यात शिरोरेषा पडली आडवी. फॅट फेसच्या कायद्याने ती बारीक हवी, पण फार बारीक झाली तर शब्द दोरीवर वाळत घातल्यासारखा लोंबतो. जाड केली तर ओळच काळवंडते. माझ्या मते या जातीच्या फाँटची खरी परीक्षा इथेच होते, वळणांच्या नखऱ्यात नाही.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाउंड्रीने ‘मोदक’ हा फाँट करताना दुसरीच वाट धरली: अक्षर इतकं गुबगुबीत, की आतली पोकळी मिटून फटीएवढी उरली. आणि नाटकांची नावं हाताने रेखाटणाऱ्या कमल शेडग्यांना तर फाँटची गरजच नव्हती. प्रत्येक नाटकाला नवं अक्षर.

रोझा मुक्त परवान्याचा, फुकट. म्हणून लग्नपत्रिकेवरच्या नावांना किंवा फ्लेक्सवरच्या ‘संत्रा विक्री केंद्रा’ला तो सहज लावता येतो, आणि शोभतोही. फक्त मोठ्या आकारात. त्याच पत्रिकेत खाली ‘मु. पो. ता. मोर्शी’ बारीक टायपात टाकलं, की छपाईच्या शाईत वेलांटीची मान आधी जाते. पत्ता साध्या फाँटातच द्यावा.

फाँट निवडण्याआधी मी ‘वऱ्हाड’ टाइप करून बघतो. त्यातला अर्धा र म्हणजे पापणीएवढी वाकडी रेघ. ती दहा फुटांवरून दिसली पाहिजे, आणि तिचा रफार होता कामा नये.