नाखव्याची लेक

आम्हा नाशिककरांचं समुद्राशी तसं काही नातं नाही. आमची गंगा म्हणजे गोदावरी, आणि तिनंही समुद्राकडे पाठच फिरवलेली. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम 80 किलोमीटर. पण ही बाई सह्याद्रीच्या उतारानं पूर्वेला निघते आणि तब्बल 1465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. समुद्रातला मासा आमच्याकडे येतो तो थर्माकोलच्या खोक्यातून, बर्फात घालून, घाटावरून. किंवा आठवडेबाजारात सुकट-बोंबील होऊन.

अशा गावातल्या आम्ही पाच जणी गेल्या डिसेंबरात भर समुद्रात मासे धरायला गेलो. वयं विचाराल तर सगळ्यात लहान 47 ची आणि मोठी 61 ची. घरी सांगितलं तेव्हा माझ्या मुलानं पहिला प्रश्न विचारला, ‘कोणाबरोबर?’ म्हटलं, भिशीबरोबर.

आमची भिशी अकरा वर्षांची आहे. दर महिन्याला पाचशे रुपये, चिठ्ठी निघेल तिला भांडी नाहीतर साडी. आजवर त्या पैशात प्रेशर कुकर आले, एकीचा दात बसला, एकीच्या मुलाची फी भरली गेली. या वर्षी मात्र चिठ्ठी काढायची नाही, सगळ्यांनी मिळून कुठेतरी जायचं असं ठरलं. कुठे, यावर दोन भिश्या भांडणात गेल्या. शिर्डी, महाबळेश्वर, अष्टविनायक. शेवटी आमच्यातली जी कधीच काही मागत नाही ती म्हणाली, ‘मला एकदा समुद्रात जायचंय.’

‘अगं, तुझं तर माहेरच समुद्रावर!’ आम्ही एकदम ओरडलो.

तिचं माहेर सातपाटीचं. पालघरजवळचं मोठं मच्छीमार गाव, पापलेटसाठी सगळीकडे नाव असलेलं. (2023 साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, तेव्हा तिनं आम्हाला पेढे वाटले होते.) वडील नाखवा, म्हणजे स्वतःच्या बोटीचे मालक. दोन्ही भाऊ त्याच बोटीवर वाढले. आणि ही? हिनं बोट धुतली, जाळी उकलली, बर्फ फोडला. आईच्या मागं टोपली घेऊन बाजारात बसली. पहाटे बंदरावर उभी राहून हिशेब लिहिले, कारण घरात अक्षर हिचंच चांगलं. पण बोट बंदर सोडताना ती कायम काठावर. बाईनं मासेमारीला जायचं नाही, इतकंच. कोणी रागावून सांगितलेलं नाही, कारणही दिलेलं नाही. ती म्हणाली, ‘विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.’

पुढं लग्न होऊन ती नाशिकला आली आणि समुद्र सुटला. मग आला 11 नोव्हेंबर 2009 चा दिवस. त्या दिवशी फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आलं. धाकटा भाऊ बोटीवर होता. ही इकडे टीव्हीसमोर, हातात फोन, आणि फोन लागत नाही. तिसऱ्या दिवशी बोट परत आली. भाऊ घरी येऊन जेवला, झोपला. त्या तीन दिवसांत काय झालं ते त्यानं आजतागायत कोणाला सांगितलेलं नाही. ती म्हणाली, ‘तो काय बघून आला ते मला निदान शांत समुद्रात तरी बघायचंय.’

यावर कोण अष्टविनायक म्हणणार?

सातपाटीच्या बोटीवर जाण्याचा प्रश्नच नव्हता. ती धंद्याची बोट, दिवसचे दिवस बाहेर असणारी, आणि खलाशांशिवाय कोणाला न्यायची रीत नाही. म्हणून मालवण गाठलं. तिथं पर्यटकांना गळ टाकून मासेमारीला नेणाऱ्या बोटी आहेत. म्हणजे बघा, नाखव्याच्या लेकीला समुद्रात जाण्यासाठी चारशे-पाचशे किलोमीटर लांब जाऊन, पैसे भरून पाहुणी व्हावं लागलं. हे आम्ही गाडीत बोललो आणि मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. आमच्या चिवड्याचा डबाही बंदच राहिला.

कोकण रेल्वेनं कुडाळ, तिथून मालवण. नाशिकला स्वेटर घालून निघालेल्या आम्ही मालवणात पदरानं घाम पुसत होतो. आदल्या संध्याकाळी बोटवाल्याशी बोलणं झालं. आमच्या बँकवालीनं आधी परवाना विचारला. प्रवासी बोटीला महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना लागतो, आणि लाइफ जॅकेट माणशी एक हवंच. जॅकेट घालून, पट्टे आवळून बघितले. मासेमारी बंदीचा काळ 1 जून ते 31 जुलै, तेव्हा पावसाळ्यात हा विषयच नको. थंडीत समुद्र निवांत असतो. रात्री जमीन गार होते, त्यामुळे पहाटे वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो. तो मतलई वारा. दुपारी उलटं, खारा वारा किनाऱ्याकडे येतो आणि पाण्याला उसळी येते. म्हणून पहाटे जायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं. हे शाळेत भूगोलात शिकलो होतो, पण मार्कांपलीकडे त्याचा काही उपयोग असतो हे त्या दिवशी कळलं.

पहाटे पाचला निघालो. सिंधुदुर्ग किल्ला अंधारात नुसता काळा दिसत होता. तांडेल पन्नाशीचा, कमी बोलणारा. आमच्यातली निवृत्त मुख्याध्यापिका त्याला म्हणाली, ‘दादा, बायका बोटीवर चालतात ना?’ तो हसला. ‘समुद्राक बाई-पुरुष कळना नाय. तुमी भिया नको.’

भ्यायचं काही नव्हतं, पण पोट वेगळं सांगत होतं. अर्ध्या तासात बँकवाली आणि मी दोघी कठड्यावर वाकलो. (बोट लागण्याची गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची असते. आम्ही ती बोटीत बसल्यावर घेतली. तुम्ही असं करू नका.) सातपाटीवाली मात्र नाळेकडे पाय रोवून उभी. लाटेबरोबर तिचे गुडघे आपोआप वाकत होते. पहिल्यांदा बोटीवर चढलेली बाई अशी उभी राहते? शरीराला काय काय ठाऊक असतं कोण जाणे.

किनारा नुसती निळसर रेघ झाला तेव्हा तांडेलानं हात केला. समोर पक्ष्यांचा थवा पाण्यावर कोसळत होता आणि खालचं पाणी उकळत्या पिठल्यासारखं खदखदत होतं. खालून मोठे मासे बारीक मासळीला वर रेटतात, वरून पक्षी टिपतात. ‘गेदर,’ तो म्हणाला.

गेदर म्हणजे आपल्याकडचा लहान ट्यूना. कुपाही त्याच कुळातला. परदेशी मालिकांमध्ये डब्यातून काढून सँडविचमध्ये घालतात तो ट्यूना याचाच चुलत भाऊबंद. मोठा पिवळ्या पराचा कुपा खोल समुद्रात असतो, माणसाहून लांब होतो. गेदर किनाऱ्याच्या त्या मानानं जवळ फिरतो. या माशाची गंमत अशी की तो जन्मभर पोहत असतो. कल्ल्यांतून पाणी वाहतं ठेवलं तरच त्याला श्वास घेता येतो. थांबला की गुदमरला. त्याचं मांस लाल आणि अंग आजूबाजूच्या पाण्याहून गरम. मुख्याध्यापिका म्हणाली, ‘म्हणजे आपल्यासारखाच की. बसला की मेला.’

बोटीच्या मागं दोन दोऱ्या सोडल्या होत्या, टोकाला गळ आणि चकचकीत आमिष. बोट हळू चालत राहते, आमिष पळत्या माशासारखं दिसतं. एक दोरी सातपाटीवालीच्या हातात होती, बोटांना फडकं गुंडाळून. एकदम ती पुढं ओढली गेली. तांडेल आतापर्यंत आम्हाला अहो-जाहो करत होता, तो सगळं विसरून ओरडला, ‘ढील दी गे बाय, ढील दी!’ तिनं ढील दिली. मग ओढली. पुन्हा ढील. फडक्यातूनही दोरी कापत होती. मला वाटलं सोडेल. सोडली नाही. दहा मिनिटं असेल की पाच, मला सांगता येणार नाही. मग पाण्यात निळी-चंदेरी लखलख झाली आणि मासा आत आला. शेपटी फळीवर अशी थडथडत होती की जणू कोणी दार वाजवतंय.

तीनेक किलोचा असेल. पाठीवर शाईनं गिरवल्यासारख्या नागमोडी रेघा. ती त्याच्याजवळ उकिडवी बसली, हात लावला आणि म्हणाली, ‘गरम आहे गं.’ आयुष्यभर मासे कापलेली, विकलेली बाई, पण मासा बर्फाआधी गरम असतो हे तिला त्या दिवशी कळलं.

मग ती समुद्राकडे तोंड करून बसली. आम्ही तिला हाक मारली नाही.

तांडेलानं कल्ल्याजवळ चीर देऊन रक्त काढलं आणि मासा लगेच बर्फात घातला. ही घाई उगाच नाही, आणि आपल्यासारख्या समुद्रापासून लांब राहणाऱ्या बायकांनी हे नीट लक्षात ठेवावं. गेदर, कुपा, बांगडा, सुरमई हे मासे उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामाइन नावाचं द्रव्य तयार होतं. मग खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांध्या उठतात, डोकं ठणकतं. आपल्याला वाटतं ‘मासा बाधला’ किंवा ‘पित्त झालं’. हे द्रव्य कितीही शिजवलं, तळलं तरी जात नाही. तेव्हा बाजारात मासा बर्फावर नुसता ठेवलेला नको, बर्फात गाडलेला हवा. स्वस्त मिळतोय म्हणून दुपारचा घेऊ नका. आणि गरोदर बायकांनी मोठा ट्यूना टाळलेलाच बरा, मोठ्या माशात पारा साठतो.

परतताना तांडेल जरा बोलता झाला. पूर्वी गेदरीचे थवे जवळ यायचे, आता लांब जावं लागतं म्हणाला. त्याचा राग पर्ससीन जाळ्यांवर, जी अख्खा थवा वेढून उचलतात. 5 फेब्रुवारी 2016 ला सरकारनं या जाळ्यांवर बंधनं घातली, 2017 मध्ये एलईडी दिवे लावून मासे ओढायलाही बंदी झाली. ‘कागदार बंदी, पान्यात दिवे,’ एवढंच म्हणून तो गप्प झाला. यात दुसरी बाजूही असेल. पण आमच्या भिशीतलं मत त्याच्या बाजूनं पडलं, कारण दोरीनं एक मासा ओढताना काय होतं ते आम्ही नुकतंच पाहिलं होतं.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरच्या काकूंनी गेदर रांधली, तिरफळं आणि आमसूल घालून, दाट रश्श्यात. मांस काळपट, थोडं कोरडं, चव उग्र. खरं सांगू? पापलेटची सर नाही. सातपाटीवालीनं तर पहिल्याच घासाला सांगून टाकलं. तरी मटणाला नावं ठेवणाऱ्या आमच्या मुख्याध्यापिकेनं दोनदा रस्सा मागून घेतला.

जेवताना मी त्यांना वाचलेलं सांगत होते. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर पुरुष गळानं ट्यूना धरून आणतात आणि तो उकडून, धुरी देऊन, वाळवून मासमीन करतात. लाकडासारखा कडक होतो, महिनोन्महिने टिकतो. आणि केरळात त्रिशूर जिल्ह्यात के. सी. रेखा नावाची बाई आहे. नवऱ्याच्या बोटीवरचे मदतनीस सोडून गेले तेव्हा हीच बोटीवर चढली. 2017 साली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं तिचा सत्कार केला. खोल समुद्रात मासेमारीचा परवाना असलेली देशातली पहिली बाई म्हणून तिचं नाव घेतात. सातपाटीवालीनं विचारलं, ‘तिला पोरी आहेत का?’ म्हटलं, आहेत, चार. ती म्हणाली, ‘मग त्या विचारतील.’

घरी परतल्यावर चार दिवस तिनं माहेरी काहीच कळवलं नाही. भाऊ काय म्हणेल याची धाकधूक. शेवटी तिच्या लेकानंच मामाला फोटो पाठवला: आई, लाइफ जॅकेट, हातात मासा. रात्री फोन आला. आम्ही त्या दिवशी भिशीला तिच्याच घरी होतो, म्हणून ऐकलं. तिनं फोन स्पीकरवर टाकला होता.

भाऊ आधी म्हणाला, ‘पैसे देऊन गेलीस? मला सांगायचं होतंस.’

‘नेलं असतंस?’

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. आम्हाला वाटलं फोन कट झाला. मग तो म्हणाला, ‘पोटाला, पुढच्या पराखाली, काळे ठिपके होते का?’

‘होते. चार.’

‘मग गेदरच ती. किती वेळ ओढलीस?’

ती फोन घेऊन गॅलरीत गेली. आमचा चहा झाला, चिठ्ठी निघाली, पुढच्या महिन्याचे पैसे जमा झाले, तरी ती आत आली नव्हती.